दहापैकी सात

त्या दोन वर्षांत माझ्या दाराची बेल वाजवणारं माणूस एकच होतं, आणि ते माझ्याच घराच्या मागच्या बाजूला राहत होतं.

अकराला इंटरव्ह्यू असला की साडेदहाला ती तयार होऊन निघे. फिकट निळा शर्ट, काळी पँट, पॉलिश केलेले बूट, खांद्याला बॅग, हातात फाइल, तोंडाला मास्क. मागच्या फाटकाने बाहेर पडायची, सिडनीतल्या आमच्या पेंडल हिल स्टेशनपर्यंत चालत जायची, साड्यांच्या बंद दुकानावरून वळायची आणि पुढच्या रस्त्याने येऊन माझी बेल वाजवायची. इंटरव्ह्यू व्हायचा माझ्या जेवणाच्या टेबलावर, लॅपटॉपवर, कारण मागच्या खोल्यांत इंटरनेट नीट येत नसे. मागच्या दारातून माझ्या स्वयंपाकघरात यायला तिला बारा पावलं पुरली असती.

पहिल्यांदा मी दार उघडून बघतच राहिले. “अगं, मागचं दार उघडंच आहे की!”

“काकू, इंटरव्ह्यूला जायचं म्हणजे घरातून निघायला नको का?” ती म्हणाली. “निघालेच नाही, तर पोचणार कुठे?”

मग ती पॅसेजमधल्या खुर्चीवर फाइल मांडीवर घेऊन बसली. मी आत वळले तर म्हणाली, “वेळ झाली की बोलवाल ना?” अकराला पाच मिनिटं कमी असताना मी बाहेर आले आणि मुंबईच्या ऑफिसात तीस वर्षं जसं म्हणत आले तसं म्हटलं, “या. आत बोलावलंय.” ती उठली, शर्ट खाली ओढला, जेवणाच्या खोलीच्या दारावर टकटक केलं आणि आत गेली. आत कोणी नव्हतं. खुर्च्या होत्या, फळांचा बाउल होता.

मुलांनो, गेल्या महिन्यात तुम्ही फोनवर विचारलंत, “आजी, त्या फोटोतली ती शूज घालून आपल्या टेबलाशी बसलेली लेडी कोण?” मी म्हणाले, भाडेकरू. ते चूक नाही, पण पुरेसंही नाही, म्हणून हे लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, ऑफिसची पत्रंही मी जन्मभर इंग्रजीतच लिहिली. पण ती माझ्याशी मराठीत बोलायची, आणि तिचं बोलणं इंग्रजीत नेलं की ती त्यात उरत नाही. बाबा वाचून दाखवेल. तिचं नाव मात्र लिहीत नाही. तिला ते आवडणार नाही.

तुम्ही पर्थला गेलात त्याच्या दुसऱ्या वर्षी आजोबा गेले. मीही तुमच्याकडेच यायचं ठरलं होतं, कायमचं. बॅगा भरून झाल्या होत्या, त्यांना नावाच्या चिठ्ठ्या लावून झाल्या होत्या. तेवढ्यात महामारी आली आणि तुमच्या राज्याने आपली सीमा बंद केली. एकाच देशात राहून आपण जवळजवळ दोन वर्षं एकमेकांना भेटलो नाही, हे मोठेपणी तुम्हाला खरं वाटणार नाही. रविवारी तुम्ही फोनच्या पडद्यावर यायचात. “हाय आजी,” “गुड,” “नथिंग मच.” मग एकेक जण बाजूला व्हायचा आणि मला तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसत राहायचं. तक्रार करत नाही. लहान मुलांनी पडद्याशी बोलावं तरी काय?

घरामागच्या दोन खोल्यांना इथे ग्रॅनी फ्लॅट म्हणतात. त्यात ती फेब्रुवारीत राहायला आली आणि मार्चमध्ये तिची युनिव्हर्सिटी बंद झाली. वसईची, ख्रिस्ती, बेचाळीस वर्षांची, लग्न न केलेली. तिकडे एका नगरपालिकेच्या पाणीखात्यात चौदा वर्षं ज्युनिअर इंजिनिअर होती. ती कायमची नोकरी सोडून इथे पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरिंगचं मास्टर्स करायला आली. का, म्हणून मी विचारलं.

“चौदा वर्षं एकाच टाकीकडे बघत होते,” ती म्हणाली. “म्हटलं, दुसरी टाकी बघू.”

वर्गात ती बसली असेल-नसेल तीन आठवडे. उरलेली सगळी पदवी तिने माझ्या घरामागे बसून घेतली. बरोबरची मुलं वीस-बावीस वर्षांची, पडद्यावर नुसते काळे चौकोन. एका मुलाबरोबर तिने चार महिने असाइनमेंट केली आणि त्याचा चेहरा कधी पाहिला नाही. “आवाजावरून कळतं, नीट जेवत नाही तो,” एवढीच तिला त्याची ओळख होती. रविवारची मिसा लॅपटॉपवर लागायची, त्यासाठीही ती चर्चचा फ्रॉक आणि बंद बूट घालून बसे. मी एकदा म्हटलं, तुला तिथे कोण बघतंय? तर म्हणाली, “मी बघते ना.”

लॉकडाउनमध्ये व्यायामापुरतं बाहेर पडायची मुभा होती. लोक चालताना झाडं बघतात, कुत्री बघतात. ही लोकांचे पाण्याचे मीटर बघायची. इथे ते घरापुढच्या हिरवळीत असतात. कोणाचं चक्र विनाकारण फिरतंय, ते तिच्या ध्यानात येई. एका सकाळी घाईघाईने आली. “काकू, काकांची काठी द्या.”

“कशाला?”

“समोरच्यांच्या लॉनखाली पाणी पळतंय.”

समोर एक गोरे म्हातारे गृहस्थ एकटेच राहत. ही त्यांच्या हिरवळीवर ओणवी झाली, काठीचं टोक जमिनीला लावलं आणि मुठीला कान. एक पाऊल सरकायची, पुन्हा कान. गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. “यू राइट, लव्ह?” म्हणजे बरी आहेस ना, असं त्यांनी विचारलं. तिने त्यांना हाताने गप्प बसायची खूण केली. आपल्याच घरापुढे गप्प बसवलेला तो माणूस खरंच गप्प बसला. दहा मिनिटांनी तिने एका जागी चपलेने फुली मारली आणि म्हणाली, “इथे खणा.” दुसऱ्या दिवशी प्लंबरने खणलं तेव्हा पाइपला बोटभर चीर निघाली. त्यानंतर ते गृहस्थ मला रोज हात करू लागले. शेजारी राहून अकरा वर्षं झाली होती.

तिचं एक वाक्य होतं, “आधी व्हॉल्व्ह बंद, मग रडणं.” पाणीखात्यात म्हणे नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. दूध उतू गेलं, असाइनमेंट उडाली, काहीही झालं तरी ती आधी हे म्हणायची. एकदा तुमची सीमा थोडी उघडली होती आणि माझं तिकीट निघालं होतं. जायच्या चार दिवस आधी ती पुन्हा बंद झाली. मी बातमी ऐकत स्वयंपाकघरात उभी होते. आमटी करपून धूर झाला, तो मागे दिसला म्हणून ती धावत आली. तिने गॅस बंद केला, खिडकी उघडली, पातेलं सिंकमध्ये ठेवलं आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. “झाला व्हॉल्व्ह बंद,” ती म्हणाली. “आता रडा काकू. मी आहे.” आजोबा गेल्यानंतर मी कोणासमोर रडले ती तेवढीच.

तिच्या कामाची पद्धत मी पाहिली ती डब्यांच्या वेळी. पहिल्या लॉकडाउनमध्ये इथे शिकायला आलेल्या मुलांची दुकानांतली, हॉटेलांतली कामं गेली आणि सरकारी मदत त्यांना लागू नव्हती. आम्ही पाच घरच्या बायकांनी मंगळवारी आणि शुक्रवारी डबे करून द्यायचं ठरवलं. यादी अर्थातच माझ्याकडे. पोचवायचं काम तिने घेतलं, सायकलवर. तिने आमच्या भागाचा चढ-उताराचा नकाशा काढला, म्हणजे भरलेले डबे उताराने जावेत आणि परतताना चढावर सायकल रिकामी असावी. डबा दाराशी ठेवायचा, बेल वाजवायची आणि लगेच निघायचं, हा माझा नियम होता. आजाराचे दिवस होते.

एका शुक्रवारी ती वेळेवर परतली नाही. मी फोन केला. “एकजण दार उघडत नाही,” ती म्हणाली.

“डबा ठेव आणि ये.”

“मंगळवारचा डबाही इथेच पडलाय, काकू.”

“तू आत जायचं नाहीस. ताबडतोब परत ये.”

ती परत आली नाही. ती त्या दारासमोर तासभर उभी राहिली, खिडकी वाजवत राहिली, शेवटी अँब्युलन्स बोलावली. आत मुलगा तापाने पडला होता, त्याला उठवत नव्हतं. पुढे तो बरा झाला. मी मात्र तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. नियम मोडला होता.

आता मुख्य गोष्ट. मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षी तिने नोकरी शोधायला सुरुवात केली. तिला इथे कायमचं राहायचं तर पंचेचाळिशीच्या आत नोकरी आणि कागदपत्रं दोन्ही जमायला हवी होती. मागे फिरावं तर तिकडची जागा कधीच भरली होती. “माझा मागचा पूल वाहून गेलाय,” असं ती हसत सांगे. पुढचा अजून बांधायचा होता.

पाण्याच्या मोठ्या लाइनी टाकणारी एक कंपनी होती. जागा सिडनीपासून आत, रेल्वेने सहा तासांवर. तिला हवं होतं तसंच काम. त्या एका जागेसाठी त्यांनी तिला जवळजवळ पाच महिने फिरवलं, म्हणजे माझ्या पॅसेजमधून टेबलापर्यंत. आधी अर्जाबरोबर बायोडेटा जोडायला लावला, मग बायोडेटात लिहिलेलं सगळं पुन्हा चौकोनांत भरायला लावलं. मग एक खेळ आला. पडद्यावर फुगा, बटण दाबलं की फुगतो, फुटायच्या आत थांबायचं. “याला प्रेशर गेज कुठाय?” तिने विचारलं. दाब दाखवणारा गेज नव्हता. मग तिने प्रत्येक फुगा एकदाच फुगवला आणि सोडून दिला. “गेज नसताना प्रेशर वाढवणाऱ्याला आमच्याकडे सस्पेंड करायचे.”

त्यानंतरचा इंटरव्ह्यू यंत्रासमोर होता. पलीकडे माणूस नाही. प्रश्न पडद्यावर येतो, विचाराला अर्धं मिनिट, उत्तराला दीड, आणि आपलाच चेहरा आपल्याकडे बघत असतो. तिने फाइल उघडली, “गुड मॉर्निंग, सर,” म्हणाली आणि पलीकडून उत्तराची वाट पाहत थांबली. घड्याळ उलटं पळत होतं. मी दाराआडून हातवारे करत होते, पण मोठ्या माणसाने ‘बसा’ म्हणेपर्यंत बोलायचं नाही, हे तिच्या अंगातच होतं. तिचा पहिला प्रश्न तसाच गेला.

माणसांचं पॅनेल आलं तेव्हा वेगळंच झालं. तीन चेहरे उमटताच ती ताडकन उभी राहिली. पॅनेलला तिचा पट्टा दिसला असणार. कोणीतरी हसून बसायला सांगितलं. त्यांनी विचारलं, तुमचा सगळ्यात मोठा कमकुवतपणा कोणता? “गुडघे, सर,” ती म्हणाली. “पण टाकीवर चढते.” मग आमच्या कंपनीत का यायचंय, असं विचारलं. “पाणी वाया गेलेलं मला बघवत नाही,” ती म्हणाली. एवढंच. मी पुढच्या वाक्याची वाट पाहत होते, तेही पाहत होते. तिचं उत्तर संपलं होतं.

आणि तरी ती पुढे सरकत गेली! प्रत्येक फेरीनंतर तीन आठवडे शांतता. त्या शांततेत ती प्रबंध लिहायची, गळतीवरचाच, आणि रोज बरोबर चारला, पोस्टमन येऊन गेल्यासारखी, ईमेल उघडून बघायची. मी खिडकीतून बघायची. लॅपटॉप मिटला की मला कळे, आजही नाही.

शेवटच्या टप्प्याला त्यांनी दोन माणसांची नावं मागितली, या देशात तिचं काम पाहिलेल्यांची. एक तिचे प्रोफेसर झाले. दुसरं कोणी नव्हतं. “डब्यांच्या कामात तुम्ही माझ्या सुपरवायझर होतात,” ती म्हणाली. “तुमचं नाव देऊ?”

मला आनंद झाला. मुंबईच्या सरकारी ऑफिसात आस्थापना शाखेत असताना शंभरावर लोकांचे गोपनीय अहवाल माझ्या हाताखालून गेले होते. कोण कसा काम करतो हे न्यायाने लिहिणं, यात मी स्वतःला पक्की समजत होते. ‘उत्कृष्ट’ मी आयुष्यात दोघांना दिलं होतं, तेही कारणं जोडून. दोष लिहायचा रकाना मोकळा सोडला तर साहेब अहवाल परत पाठवत. आपल्या घरातल्या माणसाबद्दल बाहेरच्याने विचारलं तर दोन शब्द कमीच बोलावेत, हेही आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं.

फोन एका तरुण मुलीचा होता. फार गोड बोलत होती. मी वही उघडून टेबलाशी बसले.

“कामाबद्दल तुम्ही तिला दहापैकी किती द्याल?”

मी नीट विचार केला. “सात.” आमच्या वेळी सत्तर टक्के म्हणजे विशेष प्रावीण्य. मला स्वतःला मॅट्रिकला तेवढे नव्हते.

“ओके,” मुलगी म्हणाली. “सुधारणेला कुठे वाव आहे?”

“सूचनांचं पालन,” मी म्हणाले. “एकदा स्पष्ट सांगूनही ती परत आली नाही. हातातलं काम अर्धं सोडत नाही, मग वरिष्ठ काहीही म्हणोत.”

“पुन्हा संधी मिळाली तर तिला कामावर घ्याल?”

“जागा रिकामी असेल तर.”

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. मग ती म्हणाली, “नो वरीज, थँक्यू सो मच.” मी फोन ठेवला आणि एक काम व्यवस्थित पार पाडल्याचं समाधान वाटून चहा केला.

नकाराचं ईमेल पाच दिवसांनी आलं. तिने त्यांना फोन करून कारण विचारलं आणि दुपारी मागच्या दाराने माझ्याकडे आली.

“काकू, तुम्ही मला सात दिलेत?”

“दिले,” मी म्हणाले. मी अजून अभिमानातच होते. “विशेष प्रावीण्य.”

ती खुर्चीवर बसली. “ते म्हणाले, बाकी सगळं फार छान होतं. फक्त एक रेफरन्स थंड पडला. इथे नऊच्या खाली दिलं म्हणजे ‘घेऊ नका’ असंच समजतात.”

मी वही आणून तिच्यापुढे ठेवली. प्रत्येक प्रश्न आणि माझं उत्तर मी क्रमाने लिहून ठेवलं होतं. ती बोट ठेवून वाचत गेली. ‘सूचनांचे पालन’ या ओळीवर बोट थांबलं.

“त्या शुक्रवारचं सांगितलंत?”

“हो.”

“तो मुलगा वाचला, ते सांगितलंत?”

“ते त्यांनी विचारलं नाही,” मी म्हणाले.

ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसू लागली. “माझ्या साहेबाने चौदा वर्षांत मला ‘चांगली’च्या वर कधी चढवलं नाही. तुम्ही सात दिलेत! सात म्हणजे काय ते मला कळतं हो काकू. पण या अख्ख्या देशात ते तुम्हाला आणि मलाच कळतं.” वही मिटून तिने ती टेबलाच्या कडेला सरळ लावून ठेवली, मला आवडते तशी. मग गेली. दोन दिवस तिच्या खिडकीचा पडदा उघडला नाही. मी डबा दाराशी ठेवला, बेल वाजवली आणि निघाले.

मुलांनो, मी रीतीने वागले होते, हे खरं आहे. पण ती जागा सहा तासांवर होती, हेही मला ठाऊक होतं. ती नोकरी तिला लागली असती तर मागच्या खोल्या रिकाम्या झाल्या असत्या, आणि महामारीत नवं कोण येणार? त्या मुलीचा फोन वाजला तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, ते मी वहीत लिहून ठेवलेलं नाही. म्हणून आज मला ते खात्रीने सांगता येत नाही.

मी कंपनीला पत्र लिहिलं. चांगल्या इंग्रजीत, परिच्छेदांना क्रमांक घालून, ‘आपल्या दूरध्वनीवरील संभाषणाच्या अनुषंगाने’ अशी सुरुवात करून. तापलेल्या मुलाची हकिगत लिहिली, लॉनखालचा पाइप लिहिला, सत्तर टक्क्यांचा अर्थ लिहिला. उलट ईमेल एका मिनिटात आलं. या पत्त्यावर आलेले संदेश कोणी वाचत नाही, असं त्यात होतं.

तिसऱ्या दिवशी ती बाहेर आली आणि पुन्हा अर्ज करू लागली. प्रबंध पुरा होत आला होता, व्हिसाचे महिने कमी होत होते. आतल्या भागातल्या एका छोट्या गावच्या कौन्सिलमध्ये पाणीपुरवठ्याची जागा निघाली. तिथेही तिने माझंच नाव दिलं.

“अगं, माझं नाव आता कशाला?” मी ओरडलेच.

“दुसरं कोण आहे इथे माझं?” ती म्हणाली, अगदी सहज, शर्टाला इस्त्री करता करता.

या वेळी एकच इंटरव्ह्यू झाला, तोही नुसत्या फोनवर. तरी ती स्टेशनपर्यंत चालून आली. पलीकडे तिथले पाण्याचे प्रमुख होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी विचारलं, ज्या लाइनीचा नकाशाच हरवलाय तिच्यातली गळती कशी शोधाल? त्यावर दोघं तासभर बोलले. मी पॅसेजमध्ये बसले होते. मध्येच ती खदखदून हसली. पाच महिन्यांच्या त्या सगळ्या फेऱ्यांत मी तिला टेबलाशी हसताना ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला. मी तयार होते. कागदावर ‘उत्कृष्ट’ लिहून खाली तीन कारणं मांडली होती. विचारला आकडा तर दहा सांगायचे, असं ठरवून ठेवलं होतं. म्हाताऱ्याने आकडा विचारलाच नाही. तो म्हणाला, “एकच विचारतो. ती गेली तर तुम्हाला वाईट वाटेल का?”

कागदावर याचं उत्तर नव्हतं. मी खिडकीबाहेर पाहिलं. ती मागे दोरीवर चादर वाळत घालत होती, कडा जुळवून.

“हो,” मी म्हणाले. मग आवाज नीट करून पुन्हा म्हणाले, “फार.”

“दॅट विल डू,” तो म्हणाला.

दोन आठवड्यांनी, सोमवारी हजर व्हायचं ठरलं. तिने विचारलं, “काकू, त्यांना महिनाभर थांबायला सांगू का? पर्थची सीमा उघडेपर्यंत?” मी म्हणाले, “सोमवार म्हणाले ना? मग सोमवारी हजर व्हायचं.” शनिवारी सकाळी ती गेली. स्टेशनावर दोघींच्या तोंडाला मास्क होते, त्यामुळे कोणाचा चेहरा कसा झाला होता ते दोघींनाही दिसलं नाही. गाडी आली, ती चढली, दार बंद झालं.

घरी आल्यावर मी मागच्या खोल्या बघायला गेले. सगळं लख्ख होतं. टेबलावर कागद होता, दोन प्रतींत, दोन्ही हाताने लिहिलेल्या. वर लिहिलं होतं, ‘चार्ज लिस्ट’. सरकारी माणूस बदलून जाताना पुढच्याला ताबा देतो, त्याची यादी असते ती. पलंग एक, गादी एक, उशा दोन. पातेली दोन, पैकी एकाचा कान सैल. बाथरूमचा नळ, वॉशर नवीन घातला आहे. मागच्या फाटकाची कडी, तेल घातलं आहे. किल्ल्या तीन. मी एकेक वस्तू बघून पेन्सिलीने खूण करत गेले. सगळं जागेवर होतं. शेवटची नोंद सतरावी होती.

‘घरमालकीण, एक. चालू स्थितीत. एकटी असल्यास जेवण टाळते, लक्ष ठेवावे.’

खाली ‘चार्ज देणार’ याच्यापुढे तिची सही होती. ‘चार्ज घेणार’ याच्यापुढे जागा मोकळी होती. मी आजूबाजूला पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले आणि दोन्ही प्रतींवर सही केली.